चाकाची साक्ष

सायकलवर बसून गावाबाहेर पडलेल्या माणसाच्या मनात दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. आपण किती आलो, आणि किती वेगाने आलो? पायी चालणाऱ्याला हे प्रश्न फारसे पडत नाहीत; त्याचे थकलेले पायच त्याला उत्तर देतात. आगगाडीतल्या उतारूला ते पडण्याचे कारण नसते. वेळापत्रक त्याच्या वतीने उत्तर देते. सायकलस्वार मात्र स्वतःच इंजिन, स्वतःच चालक आणि स्वतःच उतारू असल्यामुळे आपल्या श्रमाचा हिशेब त्याला स्वतःच ठेवावा लागतो. हा हिशेब ठेवण्यासाठी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जी साधने निघाली त्यांचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु त्यात एक गंभीर प्रश्नही गुंतलेला आहे. यंत्राने दिलेल्या आकड्यावर आपण विश्वास का ठेवावा, हा तो प्रश्न होय.

चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढावयाचे ही कल्पना सायकलीहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात होऊन गेलेल्या व्हिट्रुव्हियस ह्या रोमन स्थापत्यकाराने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात रथाला जोडावयाच्या एका यंत्राचे वर्णन केले आहे. रथाच्या चाकाचा एक फेरा म्हणजे साडेबारा रोमन फूट. असे ४०० फेरे झाले की ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई. आणि दातेरी चाकांच्या योजनेमुळे त्याच क्षणी एक खडा काशाच्या पात्रात पडे. मुक्कामावर पोहोचल्यावर पात्रातले खडे मोजले की दिवसाची मजल कळे. चीनमधील सोंग राजवटीच्या इतिहासात अशाच एका गाडीचे वर्णन आहे. त्या गाडीवरची लाकडी बाहुली दर एक 'ली' अंतराला नगारा वाजवी आणि दहा 'ली' झाले की घंटेवर टोला देई. आपल्याकडे १८६५-६६ साली नैनसिंग रावत हे भारतीय सर्वेक्षण खात्याच्या वतीने यात्रेकरूच्या वेषात ल्हासापर्यंत गेले, तेव्हा त्यांना चाक बरोबर नेणे शक्यच नव्हते. त्यांनी पावलेच मोजली. त्यांच्या जपमाळेत नेहमीच्या १०८ ऐवजी १०० मणी होते, आणि दर शंभर पावलांना ते एक मणी पुढे सारीत.

खडा, नगारा आणि मणी ही साधने दिसावयास भिन्न. परंतु तिघांचे मर्म एकच आहे. ती अंतर मोजीत नाहीत, केवळ गणना करतात. चाकाचा फेरा किती फुटांचा किंवा पाऊल किती इंचांचे, हे आधी कोणीतरी प्रामाणिकपणे ठरवलेले असावे लागते. ते माप चुकले, तर पुढची गणना कितीही बिनचूक असली तरी उत्तर चुकीचेच येणार. सायकलच्या अंतरमापकाचा सारा इतिहास ह्या एका वाक्यावर उभा आहे असे म्हणावयास हरकत नाही.

सायकलीच्या आरंभीच्या काळात हे माप ठरवणेच अवघड होते. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे अगदी लहान अशी जी उंच सायकल १८७०-८० च्या सुमारास प्रचारात होती, तिचे पुढचे चाक स्वाराच्या पायाच्या लांबीप्रमाणे निवडावे लागे. उंच माणसाचे चाक मोठे, बुटक्याचे लहान. सर्वांना चालेल असे एकच अंतरमापक त्या सायकलींसाठी बनवणे कठीणच होते. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. साखळीने मागचे चाक फिरवणाऱ्या ह्या सायकलीमुळे चाकाच्या आकाराचा स्वाराच्या पायाशी असलेला संबंध तुटला. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला. पुढील काही वर्षांत २६, २८ आणि ३० इंच अशी चाकांची ठराविक मापे रूढ झाली, आणि मगच कारखान्यात हजारोंच्या संख्येने काढता येईल अशा लहानशा, स्वस्त अंतरमापकाची वाट मोकळी झाली.

ही संधी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड येथे राहणाऱ्या कर्टिस व्हीडर ह्या अभियंत्याने साधली. १८९५ साली त्याने सायक्लोमीटर बनवण्याचा कारखाना काढला. त्याचे यंत्र अंगठ्याएवढे होते आणि पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसे. त्याची रचना अत्यंत सोपी होती. चाकाच्या एका आऱ्यावर एक लहानसा खुंट आवळलेला असे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो खुंट यंत्राबाहेर डोकावणाऱ्या, ताऱ्याच्या आकाराच्या चकतीला एकदा धक्का देई, आणि चकती एका दात्याने पुढे सरके. आतल्या दातेरी चाकांतून ही गती कमी होत होत अंकांच्या चकत्यांपर्यंत पोहोचे. एका चकतीचे नऊ संपून शून्य आले की शेजारच्या चकतीचा एक अंक पुढे जाई. आज विजेच्या जुन्या मीटरवर आपण जे अंक सरकताना पाहतो, त्यांची ही पूर्वजमंडळी होत. पुढे १९२८ साली व्हीडरची कंपनी रूट नावाच्या दुसऱ्या कंपनीशी एकत्र झाली आणि तिचे गणकयंत्र पेट्रोलच्या पंपांवर जाऊन बसले. सायकलस्वाराचे मैल गणता गणता जे तंत्र तयार झाले, तेच मोटारवाल्याच्या पैशांचा हिशेब करू लागले.

येथे गणिताचा एक सुंदर योगायोग सांगण्यासारखा आहे. चाकाचा व्यास २८ इंच आणि परिघाचे गुणोत्तर शाळेत शिकवतात त्याप्रमाणे २२ छेद ७ धरले, तर परीघ बरोबर ८८ इंच येतो. मैलाचे इंच ६३,३६०. त्यांस ८८ ने भागले की ७२० फेरे येतात; बाकी काही उरत नाही. पाच दात्यांची तारकाकृती चकती घेतली तर तिचे १४४ वेढे म्हणजे एक मैल. यंत्र बनवणाऱ्याला ह्याहून सोयीचा आकडा कोणता हवा? त्याहीपुढची गंमत अशी की तासाचे सेकंद ३,६००, म्हणजे ७२० गुणिले पाच. तेव्हा २८ इंची चाकाचे पाच सेकंदांत जितके फेरे होतील, तितकाच त्या सायकलीचा ताशी मैलांतला वेग असतो. तारकाचकतीला खुंटाचा धक्का बसला की 'टक्' असा बारीक आवाज होई. पाच सेकंदांत असे बारा आवाज ऐकू आले तर वेग ताशी १२ मैल. किलोमीटरचा हिशेब हवा असेल तर पाचाऐवजी आठ सेकंद घ्यावेत. उत्तर जवळजवळ तितकेच नेमके येते. आपल्या खेड्यापाड्यांतून दुधाच्या किटल्या आणि चाऱ्याचे भारे वाहणारी जी मोठी काळी सायकल आहे, तिचे चाक ह्याच २८ इंची मापाचे. तिच्या एका आऱ्याला चिंधी बांधून हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल.

परंतु ७२० हा आकडा कागदावरचा आहे, रस्त्यावरचा नव्हे. हवेच्या टायरवर माणूस बसला की टायर खाली किंचित दबतो. दबलेल्या चाकाचा आस जमिनीच्या थोडा जवळ येतो, आणि एका फेऱ्यात ते चाक कागदावरच्या परिघापेक्षा कमी अंतर कापते. समजा, हा फरक शेकडा एक आहे. मग मैलामागे ७२० च्या जागी सुमारे ७२७ फेरे होतील. यंत्राला ह्यातले काहीच ठाऊक नसते. ते ७२० झाले की मैल पुरा झाला असे सांगून मोकळे होते. म्हणजे सायक्लोमीटरवर शंभर मैल उमटले असतील, तेव्हा प्रत्यक्षात स्वार नव्याण्णवच मैल गेलेला असेल. हवा कमी भरली, टायर झिजला, स्वार वजनदार असला की फरक वाढत जातो. ह्या चुकीत आणखी एक मेख आहे. ती बहुधा स्वाराच्या बाजूने होते. त्याने जितके केले त्याहून थोडे अधिकच यंत्र त्याला सांगते. जी चूक आपल्याला आवडते, ती शोधावयास माणूस सहसा जात नाही.

फेरफटका मारणाऱ्याच्या बाबतीत शंभरात एका मैलाने काही बिघडत नाही. पण जेथे अंतरावर कोणाचा तरी हक्क अवलंबून असतो, मग तो विक्रम असो वा प्रवासभत्ता, तेथे यंत्राची एकट्याची साक्ष पुरत नाही. विक्रमांच्या व्यवस्थापकांनी हे फार लवकर ओळखले होते. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत झाली. ती शार्ल तेरॉं ह्याने ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. स्पर्धकांजवळ एक पुस्तिका असे आणि वाटेतल्या ठाण्यांवर तिच्यावर शिक्का मारला जाई. अंतर आधीच ठरलेले. स्वार त्या वाटेने गेला एवढेच सिद्ध करावयाचे. आज मुंबई-पुण्याकडे दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरांच्या ज्या दीर्घ सायकलयात्रा होतात, त्यांचे मूळ ह्याच पद्धतीत आहे. धावपट्टीवरच्या विक्रमात तर अंतरमापकाला स्थानच नाही. ११ मे १८९३ रोजी आंरी देग्रांज ह्याने पॅरिसमध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले, आणि ८ ऑक्टोबर २०२२ रोजी फिलिप्पो गान्ना ह्याने ५६.७९२ किलोमीटर, दोन्ही वेळी मोजलेल्या धावपट्टीचे फेरे गणले गेले. चाक काय म्हणते ते कोणी विचारले नाही.

खरी अडचण येते ती मोकळ्या रस्त्यावर. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघून आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे पारशी तरुण १८ मार्च १९२८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले, तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे ४४,००० मैलांची मजल जमा झाली होती. वाळवंटे आणि जंगले ओलांडणाऱ्या ह्या प्रवाशांच्या पराक्रमाला मैलांच्या आकड्याचा आधार लागत नाही. पण टॉमी गॉडविन ह्या इंग्रज सायकलस्वाराचा पराक्रम म्हणजे आकडाच होता. १९३९ ह्या एका वर्षात त्याने ७५,०६५ मैल सायकल चालवली. दिवसाला सरासरी २०५ मैलांहून अधिक. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, रात्रीचे दिवे झाकावे लागले, तरी तो थांबला नाही. आणि मे १९४० मध्ये, ५०० दिवसांत, त्याने एक लाख मैल पुरे केले. अशा माणसाच्या शब्दावर संशय घेणे कोणालाही जड जाईल. तरीही त्याच्या रोजच्या मजलेची पत्रके वाटेवरच्या साक्षीदारांच्या सह्या घेऊन पाठवावी लागत. विक्रम त्याच्या पायांनी केला. पण तो टिकला तो ह्या सह्यांच्या आधारावर.

वेगाची कथा थोडी निराळी आहे. अंतर साठवून ठेवता येते, वेग साठवता येत नाही; तो त्या क्षणीच वाचावा लागतो. ओट्टो शुल्झे ह्या जर्मन संशोधकाने १९०२ साली वेगमापकाचे पेटंट घेतले. त्यात चाकाबरोबर फिरणारा चुंबक धातूच्या एका वाटीत विजेचे भोवरे निर्माण करतो आणि त्यांच्या ओढीने वाटीला जोडलेला काटा स्प्रिंगच्या विरुद्ध सरकतो. चुंबक जितका जलद, तितका काटा पुढे. मोटारींबरोबर काही सायकलींवरही असे वेगमापक बसले. पण त्याला चाकापासून हँडलपर्यंत फिरणारी केबल लागे, आणि सायकलस्वाराला प्रत्येक छटाक वजन आणि प्रत्येक घर्षण स्वतःच्या मांड्यांनी भरून काढावे लागते. त्यामुळे बरेचसे स्वार खिशातल्या घड्याळावर आणि मैलाच्या दगडांवरच समाधान मानीत राहिले.

१९८० नंतरच्या दशकात हे चित्र पालटले. आऱ्यावर एक लहान चुंबक आणि फोर्कवर काचेच्या नळीत बंद केलेल्या दोन धातूच्या पट्ट्या. चुंबक जवळून गेला की पट्ट्या एकमेकींना चिकटून विजेचा एक स्पंद पाठवतात. हा स्विच १९३६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निघालेला. त्याला आता लहानसा इलेक्ट्रॉनिक गणक जोडला गेला. व्हीडरच्या खुंटाची जागा चुंबकाने घेतली. स्पर्श नाही, आवाज नाही, घर्षण नाही. दोन स्पंदांमधील वेळ मोजून वेगही निघू लागला. परंतु चाकाचा परीघ किती, हे यंत्राला अजूनही माणसानेच सांगावे लागे. शर्यतीच्या सायकलीचा परीघ सुमारे २,१०० मिलिमीटर असतो. तो आकडा भरताना १० मिलिमीटरांची चूक झाली, तर दोनशे किलोमीटरांत जवळजवळ एक किलोमीटरचा फरक पडतो. दोन हजार वर्षांत खड्याचा स्पंद झाला. पण व्हिट्रुव्हियसपुढचा प्रश्न जागच्या जागीच राहिला.

मग उपग्रह आले. अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता २ मे २००० रोजी काढून टाकली, आणि सामान्य माणसाला आपले स्थान काही मीटरांच्या आत कळू लागले. आता चाकच नको असे वाटले. पण उपग्रहावर विसंबणारे यंत्र रस्ता मोजीत नाही. ते ठराविक वेळाने स्थान टिपते आणि त्या बिंदूंना सरळ रेषांनी जोडते. घाटातील वळणावर ही रेषा वळण कापून जाते, म्हणून अंतर कमी भरते. दाट झाडी, बोगदा वा उंच इमारती आल्या की बिंदू इकडेतिकडे नाचतात, म्हणून अंतर वाढते. सायकल उभी असतानाही काही मीटर चालल्याचे दिसते. चाकाची चूक एकाच दिशेने आणि ठराविक प्रमाणात होते. उपग्रहाची चूक जागेप्रमाणे बदलते. ज्या साक्षीदाराची खोड आपल्याला माहीत आहे, त्याची साक्ष तपासून घेता येते. ज्याची खोड दर वळणावर बदलते, त्याचे काय करावे?

ह्याचे सर्वांत चांगले उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी सापडते. मॅरेथॉन शर्यतीचा ४२.१९५ किलोमीटरांचा मार्ग जगभर आजही सायकलने मोजतात. ब्रिटनमध्ये जॉन ज्यूएल आणि अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. कॉर्बिट स्वतः १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी जोन्स यांचा गणक तयार झाला. तो पुढच्या चाकाला बसतो आणि एका फेऱ्याचे वीस वा अधिक भाग करून गणतो. पद्धतीचे सार असे. पोलादी फितीने, तापमानाची दुरुस्ती करून, किमान ३०० मीटरांचा एक सरळ पट्टा आधी मोजावयाचा. मापक त्यावरून चार वेळा सायकल नेतो आणि किलोमीटरमागे किती आकडे पडतात हे ठरवतो. मग शर्यतीचा मार्ग, धावपटूला कायदेशीरपणे धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेने, मोजावयाचा. आणि शेवटी पुन्हा त्याच पट्ट्यावर यावयाचे व पुन्हा चार फेऱ्या करावयाच्या. कारण ऊन चढले की टायरमधील हवा प्रसरण पावते आणि सकाळचे चाक दुपारी तेच राहत नाही. एवढे करूनही हजारात एक इतकी, म्हणजे मॅरेथॉनमध्ये ४२ मीटरांची भर घालतात, ती एकाही धावपटूला कमी अंतराचा दाखला मिळू नये म्हणून. मुंबईच्या मॅरेथॉनचा मार्गही ह्याच रीतीने मोजला जातो.

ही काटेकोरी निष्कारण नाही. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये आल्बेर्तो सालाझार २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत पहिला आला आणि जागतिक उच्चांक झाल्याचे जाहीर झाले. पुढे मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे १५० मीटर कमी भरला. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या मॅरेथॉनचा २०१३, २०१४ आणि २०१५ ह्या तीन वर्षांचा मार्ग ३८० मीटर कमी असल्याचे २०१६ साली उघड झाले. सुमारे २४,००० धावपटूंच्या वेळा रद्द ठरल्या. त्यांच्यापैकी कोणीही लबाडी केली नव्हती. त्यांनी घाम गाळला तो खरा होता. खोटे होते ते केवळ अंतर. मापाची चूक ज्याने केली त्याला भोगावी लागत नाही. तिची किंमत ज्याने मापावर विश्वास ठेवला तो देतो.

गॉडविनचा विक्रम २०१६ च्या जानेवारीत कर्ट सीरव्होगेल ह्याने ७६,०७६ मैल करून मोडला, आणि पुढच्याच वर्षी अमांडा कोकर हिने ८६,५७३.२ मैलांपर्यंत मजल नेली. ह्या दोघांचे पुरावे उपग्रहांच्या नोंदींच्या रूपाने जपले गेले. साक्षीदाराच्या सहीची जागा आकाशातल्या साक्षीदाराने घेतली. पण त्या नोंदी तपासावयास शेवटी माणसेच बसली. आता तर चाकाच्या तुंब्याला बसणारी अशी लहान यंत्रेही निघाली आहेत की जी चुंबकावाचून फेरे ओळखतात आणि चाकाचा परीघ उपग्रहाच्या मदतीने स्वतःच ठरवतात. चाक आणि उपग्रह असे दोन साक्षीदार एकमेकांची उलटतपासणी घेतात, हे योग्यच झाले.

ज्यांना ही उलटतपासणी घरच्या घरी करावयाची असेल, त्यांना यंत्राची गरज नाही. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करावी. मग सायकलवर बसून, सरळ रेषेत, चाकाचे दहा फेरे जावे, पुन्हा खूण करावी, आणि दोन खुणांमधील अंतर फितीने मोजून दहाने भागावे. येणारा आकडा टायरवर छापलेल्या आकड्याशी जुळणार नाही. जुळू नये हेच बरोबर, कारण छापलेला आकडा कारखान्यातल्या चाकाचा आहे आणि हा आपला आहे. हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा हे काम करावे. मैलाचे दगड सरकारने रोवलेले असतात आणि उपग्रह दुसऱ्या कोणी सोडलेले असतात. आपल्या चाकाचा फेरा मात्र किती लांबीचा, हे ज्याचे त्यालाच मोजावे लागते.